रेवण ढोकीकराची मिसल

येडशीच्या स्टेशनावर तिकीटबाबू असताना मी एका सरळ माणसाला भर बैठकीत खोटं पाडलं. पुरावा देऊन पाडलं, आणि वाईट असं की पुरावा खरा होता. ही गोष्ट मी आजवर फक्त बायकोला सांगितली आहे, तीही माझा भाग जरा गुळगुळीत करून. आता पंचेचाळिशी उलटली; गुळगुळीत करत बसण्यात अर्थ नाही. मात्र त्या माणसाची ओळख झाल्याशिवाय माझं चुकलं कुठं हे कळायचं नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगतो.

नाव बसलिंगप्पा. पण ते नाव फक्त टपालावर. एरवी सगळं गाव त्यांना पेशकारसाहेब म्हणायचं. निजामाच्या राज्यात तहसीलदारापुढं खटल्यांचे कागद मांडायचे, पक्षकारांची नावं पुकारून घ्यायची, साक्षी आणि फैसले उर्दूत उतरवायचे, हे काम करणारा तो पेशकार. उभी हयात त्यांनी ते केलं आणि पेन्शन झाल्यावर रामलिंगाच्या जवळ राहायचं म्हणून येडशीला घर केलं. नोकरी सुटली. कचेरी मात्र सुटली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका शुक्रवारी दुपारी. तेव्हा सुट्टीचा वार शुक्रवार. मी बार्शीकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला, नुकताच बदलून आलेला. दुपारची गाडी काढून खोलीवर निघालो होतो. एका दारात डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट आणि हातात मिटलेली छत्री अशा थाटात एक उंच म्हातारे उभे होते आणि रिकाम्या गल्लीकडं बघून खणखणीत आवाजात पुकारत होते, “कळंबचा भगवान, हाजिर है?”

गल्लीत एक शेळी होती. तिनं मान वर केली.

“कळंबचा भगवान, हाजिर है?” दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. मग ते आत तोंड करून म्हणाले, “लिहा. तीन वेळा पुकारा केला. गैरहाजर. सबब, जन्मच झालेला न्हाय.”

मी तिथंच थबकलो. त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “तुमी नवे तिकीटबाबू न्हवं का? आत या. एक पंच कमी पडालाय.”

आत काय चाललं होतं हे समजायला मला दोन शुक्रवार लागले. पेशकारसाहेबांनी हुतूतूची एक आख्खी दुनिया रचली होती. ईट, भूम, परंडा, कळंब, तेर, ढोकी, तुळजापूर आणि येडशी अशा आठ गावांचे आठ संघ, दर संघात सात गडी. गावं खरी, गडी सगळे मनचे. त्यांची नावं, बांधा, स्वभाव, खोडी, सगळं पेशकारसाहेबांनी दिलेलं. सामने व्हायचे सात कवड्यांवर. ज्या गड्याची चढाई त्याच्या नावानं कवड्या फेकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर गडी समोरच्याला शिवून सुखरूप परत. कमी पडल्या तर बाद. सातही उताण्या पडल्या तर समोरचा संघच्या संघ गारद. महिने निजामी कचेरीतले, फसली: आजूर, दै, बहमन असे. बारा महिने खेळला की गडी निवृत्त, त्याच्या जागी नवा.

आणि निवृत्त गड्यांतले कोण ‘मानाच्या भिंती’वर चढणार, याचा निवाडा म्हणजे हा शुक्रवारचा दरबार. ही भिंत ढाळजेत होती, दारातून आत आल्या आल्या समोर. तिच्यावर काव फासून तांबडा पट्टा केलेला आणि पट्ट्यावर चुन्यानं नावं. प्रत्येक गड्याची एक मिसल असायची, म्हणजे कागदांची चळत, लाल दोऱ्यानं बांधलेली. आत महिनेवार सगळी कामगिरी. पेशकारसाहेब ती वाचून दाखवायचे, पंच उलटतपासणी करायचे, मग मतं. तिघांपैकी एकही पंच नाही म्हणाला की नामंजूर. एका गड्याला अशा तीन संधी, तीन वर्षांत. तिसऱ्यांदाही नाही झालं तर मिसल ‘दाखल-दफ्तर’. म्हणजे कायमची बंद.

हे गडी कुठंच नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं असं मात्र नाही. कळंबचा खरोखरचा एक भगवान एकदा आठवडी बाजाराला आला होता. आपल्या नावाचा पुकारा ऐकून तो बिचारा “जी” म्हणाला. मग समोर बंद गळ्याचा कोट आणि हातात कागद पाहून त्याची बोबडी वळली आणि तो बैल तिथंच सोडून पळाला. बैल दोन दिवस पेशकारसाहेबांच्या दारात होता. त्यांनी त्याला वैरण घातली आणि मिसलीत टीप केली, ‘पुकाऱ्यास एक इसम हजर झाला, परंतु तो हा नव्हे.’

माझ्याखेरीज दोन पंच होते. एक मारुतीतात्या, शेतकरी, तरुणपणी खरोखरचे हुतूतूचे नावाजलेले गडी. तात्यांची अडचण अशी की त्यांना कागदावरचे गडी आणि जन्माला आलेले गडी यांतला फरक फार वेळ ध्यानात राहायचा नाही. परंड्याच्या एका दांडगट गड्याची मिसल निघाली तेव्हा तात्या धोतर गुडघ्याच्या वर सारून म्हणाले, “ह्याला म्या वळखतो. ही खूण त्येचीच. जत्रंत पाय धरला हुता माजा.”

“तात्या, ह्यो गडी म्या मागच्या आजूरमधी पैदा केलाय,” पेशकारसाहेब म्हणाले.

“मंग त्येचा बाप आसंल.”

पेशकारसाहेबांनी टाक खाली ठेवला, क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘गड्याच्या बापाबद्दल पंचाचं प्रतिकूल मत. ग्राह्य नाही.’

दुसरे हबीबभाई शिंपी. त्यांना हुतूतूत गम्य नव्हतं. ते गडी मापानं जोखायचे. “पेशकारसाब, छाती कितनी बोले इसकी?” पेशकारसाहेब मिसल चाळून सांगायचे, “अडतीस.” “और कंधा?” खांद्याचं मापही मिसलीत असायचं. हबीबभाई डोळे मिटून हवेत टेप धरल्यासारखे हात करायचे. “हौ. इसकू कुरता अच्छा बैठता. मेरा मंजूर.” एका गड्याला त्यांनी केवळ पोट सुटलेलं होतं म्हणून नाही म्हटलं. “ऐसे आदमी का नाम दीवार पे टेढा दिखता,” असं त्याचं कारण.

पेशकारसाहेबांना मात्र कारण लागायचं, आणि कारणाला पुरावा. येडशीचा एक गडी भिंतीवर जावा म्हणून तात्या एकदा भाजलेल्या हुरड्याचं गाठोडं घेऊन आले. पेशकारसाहेबांनी गाठोडं परत दिलं, वर पोचपावती घेतली, आणि ‘रिश्वतीची कोशिश’ म्हणून तात्यांचं त्या दिवशीचं मत रद्द केलं. तात्या उंबऱ्यावर बसून एकटेच हुरडा खात राहिले आणि मधूनमधून आत डोकावून म्हणाले, “लई कडू मानूस हाय.” कौतुकानं म्हणाले.

मला पहिल्या वर्षी त्यांनी चांगलंच झापलं होतं. तेरच्या कुठल्याशा गड्याबद्दल मी म्हणालो, “मला वाटतं, हा भिंतीवर शोभेल.” पेशकारसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाबू, तुमाला वाटतं ही गव्हाही न्हाय. ही गप हाय. गप मारायला पार हाय, चावडी हाय. हितं कागद बोलतो.” हबीबभाई हसले. तात्या तर मांडीवर थाप मारून हसले. मी चोवीस वर्षांचा होतो, मॅट्रिक झालेला होतो. मी हसण्यात हसणं मिसळलं, पण ते मनात ठेवलं. कधीतरी याच माणसाचा कागद खोटा निघावा, असं मला त्या दिवसापासून वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

आता रेवणबद्दल.

रेवण ढोकीकर. ढोकीच्या संघातला सातवा गडी. मिसलीत त्याचं वर्णन: अंगानं बारीक, बोलायला कमी, डावखुरा. तात्यांनी पहिल्याच वर्षी हरकत घेतली होती, “हुतूतूत डावं-उजवं काय आसतंय? हातावर चालून जातोय का त्यो?” पेशकारसाहेब म्हणाले, “कागदावर हाय. डावखुरा.” आणि पुढं वाचू लागले. कामगिरी बेताची. जितक्या चढाया जिंकल्या त्याहून जास्त हरलेल्या. पण बारा महिन्यांत एकही सामना चुकवलेला नाही, आणि बहमन महिन्यात परंड्याविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात मात्र त्यानं कमाल केलेली. ढोकीचे सहा गडी बाद, हा एकटा उरलेला. सामना दोन डावांचा. पहिल्या डावात सातही कवड्या उताण्या, परंडा गारद. दुसऱ्या डावात पुन्हा सातही उताण्या, परंडा पुन्हा गारद. रेवणची सगळी बाजू त्या एका सामन्यावर उभी होती.

पहिल्या वर्षी तात्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी मी. माझं त्या दिवशी डोकं दुखत होतं आणि मला लवकर जायचं होतं. कारण म्हणून ‘कामगिरीत सातत्य नाही’ असं लिहून दिलं. पेशकारसाहेबांनी कुठल्याही मिसलीसाठी कधी शब्द टाकला नाही, रेवणसाठीही नाही. एकाच सपाट आवाजात सगळं वाचायचे. फक्त ही एक मिसल लाल दोऱ्याऐवजी लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं बांधलेली असायची. ते मला दिसत होतं. मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षीचा शुक्रवार यायच्या आठवडाभर आधी मी स्टेशनावर हरवलेल्या मालाचं रजिस्टर चाळत होतो. गिऱ्हाईक नसलं की तोच उद्योग. त्यात माझ्याच अक्षरात एक नोंद सापडली: काळी छत्री एक, मूठ लाकडी, पेशकारसाहेबांची. सकाळच्या गाडीनं बार्शीस डोळे दाखवायला गेले, छत्री बाकावर राहिली. दुसरे दिवशी संध्याकाळी परत आल्यावर दिली. खाली त्यांची सही. रेल्वेची तारीख इंग्रजी, डिसेंबरची. मी ती निजामी तारखेत बसवून पाहिली. चौदा बहमन. रेवणचा परंड्याशी सामना त्याच तारखेचा होता.

म्हणजे सामना झाला त्या दिवशी कवड्या फेकणारा माणूस बार्शीला होता.

मी तो हिशेब तीन वेळा केला. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

शुक्रवारी मी रजिस्टर कोटाखाली घालून घेऊन गेलो. स्टेशनाबाहेर रजिस्टर नेणं नियमाविरुद्ध, पण नियमांचं भान राहायच्या पलीकडं मी गेलो होतो. रेवणची मिसल वाचून झाली. हबीबभाईंनी मंजूर म्हटलं. तात्या या खेपेला विरघळले होते, “गरीब हाय, पर रोज येतंय मैदानात. माजं व्हय,” म्हणाले. राहिलो मी.

“पेशकारसाहेब,” मी म्हणालो, “परंड्याच्या सामन्याची तारीख?”

“चौदा बहमन.”

“कवड्या कुणी फेकल्या?”

ते थांबले. ते उत्तराला थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. “कवड्या ह्या घरात पडल्या,” ते म्हणाले.

“तुमच्यासमोर?”

मी रजिस्टर काढलं आणि नोंद मोठ्यानं वाचली. सहीवर बोट ठेवून दाखवली. वर आणखी म्हणालो, “लागोपाठ दोनदा सात कवड्या उताण्या. तुमच्या सगळ्या दफ्तरात असं दुसरं उदाहरण नाही. हा सामना झालेला नाही, पेशकारसाहेब. हा लिहिलेला आहे.”

तात्या आ वासून बघत राहिले. हबीबभाई हळू म्हणाले, “बाबू, जान दे ना. खेल है.”

“हबीबभाई, गव्हाहीत दखल देऊ नका,” पेशकारसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बाबूची हरकत कायद्याला धरून हाय. मला गव्हा हजर करता येत न्हाय. सबब नामंजूर. मिसल दाखल-दफ्तर. हरकत घेनाऱ्यानं सोता परत घेतली तरच पुन्हा निघंल.” आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या वळणदार उर्दूत मिसलीवर लिहिलं, एकही शब्द न खोडता.

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पितळी भांडं असावं. मला वाटलं मांजर. पेशकारसाहेबांनी आतल्या दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, “अदालत बरखास्त.”

पुढच्या शुक्रवारी दार बंद होतं. त्याच्या पुढच्याही. रोज दुपारच्या गाडीला घड्याळ लावून घ्यायला ते स्टेशनावर यायचे, तेही थांबलं. दहाएक दिवसांनी त्यांच्या नावाचं पार्सल आलं, वैद्याकडची तेलाची मोठी बाटली. हमालाकरवी पाठवता आली असती, पण मीच घेऊन निघालो. हरलेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असावं मला.

दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, “हुतूतूतूतूतू,” एका दमात, म्हाताऱ्या आवाजात. मी ढाळजेत गेलो. आतल्या दाराच्या फटीतून दिसलं ते असं: खाटेवर एक बारीकशी बाई उशांना टेकवून बसवलेली. उजवा हात पांघरुणावर वस्तू ठेवावी तसा ठेवलेला. पुढ्यात सूप. डाव्या हातानं तिनं सुपात कवड्या फेकल्या, वाकून बघितल्या आणि म्हणाली, “पाच.” त्यासरशी पेशकारसाहेब, बंद गळ्याचा कोट काढून ठेवलेले, धोतर खोचलेले, ट्रंकेपासून जात्यापर्यंत हुतूतू घालत धावले, जात्याला शिवले आणि धापा टाकत परत आले. बाई हसत होती. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण पोटभर.

मग तिनं विचारलं, “रेवणची जागा कुनाला दिली?”

“देऊ की. घाई काय हाय.”

“माज्यापायी तुमी खोटं पडलाव चारचौघांत. म्या ऐकलं समदं. सांगायचं व्हतं की, मी न्हाय तर हिनं टाकल्या म्हनून.”

“आनि मंग? तुला गव्हाहीला हजर करा म्हनले असते बाबू. गावातल्या बाया ओटी घेऊन तुला बघायला आल्या असत्या, चुकचुकत. तूच न्हवं का म्हनलीस, मला बघायला कुनी येऊ नगं म्हनून?”

“व्हय, म्हनले.”

“मंग झालं तर. एक गडी गेला. त्यात काय.”

ती पेशकारसाहेबांची बायको, अक्का. ढोकी तिचं माहेर. लहानपणी कुंपणाआडून गावचा हुतूतू बघायची, हे मला पुढं कळलं. अंगावरून वारं गेल्यावर पहिले सहा महिने ती भिंतीकडं तोंड करून पडून होती, आणि पेशकारसाहेबांनी आठ गावं आणि छप्पन्न गडी तिच्यासाठी खाटेपाशी आणून उभे केले होते, हेही पुढंच कळलं. पण डावखुरा रेवण कोण, हे कळायला त्या फटीतून दिसलं तेवढं पुरे होतं. चौदा बहमनला शेजारची बाई सोबतीला ठेवून ते बार्शीला गेले, तेव्हा बाई परसात असताना हिनं एकटीनं सामना काढला. ते परत आले आणि हिच्या तोंडचा सामना त्यांनी जसाच्या तसा मिसलीत लिहिला. साक्षीदार नाही, कागद नाही. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाचं बिनपुराव्याचं वाक्य लिहिलं नव्हतं, त्यानं ते लिहिलं.

मी तेव्हाच आत जायला हवं होतं. मी बाटली पायरीवर ठेवली आणि आलो तसा परत गेलो.

मग महिन्याभरात माझी बार्शीला बदली झाली. ती मी मागितली नव्हती. पण हुकूम हातात पडला तेव्हा मला हलकं वाटलं, हे कबूल करतो. निरोप घ्यायलाही गेलो नाही. पुढं सगळा मुलूखच हलला. माणसं घरं सोडून बार्शीकडं आली, परत गेली, निजामाचं राज्य गेलं. मी स्टेशनाच्या खिडकीतून तिकिटं देत राहिलो आणि येडशीचं तिकीट मागणारा आला की त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळत राहिलो. अशी तीन वर्षं.

एका सकाळी खिडकीत हबीबभाई उभे. बार्शीला कापड घ्यायला आले होते. त्यांच्याकडून कळलं की धामधुमीच्या दिवसांत त्यांनी आपलं मशीन उचलून पेशकारसाहेबांच्या ढाळजेत नेऊन मांडलं होतं आणि पाच महिने तिथंच बसून शिवलं, त्या घराला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. “और तात्या दूध लाके देता रोज. और रोज पूछता, वो परंडे का पहलवान मेरेकू पहचानता क्या,” ते म्हणाले. मग तिकीट खिशात घालता घालता म्हणाले, “पेशकारसाब तुमकू पूछते, बाबू. बाबूकू हिवताप तो नहीं ना लगा, बोलके.”

मला शिव्या दिल्या असत्या तर मी आणखी दहा वर्षं गेलो नसतो. पण हिवतापाची चौकशी मला सोसवली नाही. पुढच्या शुक्रवारी रजा टाकून मी येडशीला उतरलो.

पेशकारसाहेब दारातच होते, वाळलेले, कोट अंगावर सैल झालेला. “या बाबू,” म्हणाले, जसं काही मी कालच गेलो होतो. “चांगल्या दिवशी आलात. आज एकवीस इस्फंदार.” राज्य जाऊन महिने झाले होते, पण त्यांच्या घरी इस्फंदारच चालू होता.

“मला आत जायचंय,” मी म्हणालो. “अक्कांना भेटायला.”

त्यांचा चेहरा बदलला. “तुमाला कुनी सांगितलं?”

“तेलाची बाटली पायरीवर मीच ठेवली होती.”

त्यांनी कोटाची बटणं नीट लावली. मग म्हणाले, “तिला इचारतो,” आणि आत गेले. परत आले आणि म्हणाले, “या म्हनती. पर हळहळायचं न्हाय. अट हाय तिची.”

मी खाटेशेजारच्या ट्रंकेवर बसलो. पेशकारसाहेब चूल पेटवायला मागं गेले. अक्कांनी मला नीट न्याहाळलं. “तुमीच व्हय ते छत्रीवालं बाबू? आवाजावरनं म्हातारं वाटला व्हता मला.”

“अक्का,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी जे बोललो ते…”

“हळू बोला,” त्या म्हणाल्या आणि मागच्या दाराकडं बघितलं. “त्यास्नी सांगू नगा. पयला डाव खरा हाय. शप्पत. सात उताण्या पडल्या, माजा मलाच इश्वास बसंना. दुसऱ्याला पाचच पडल्या व्हत्या. दोन पालथ्या.” त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. “म्या बोटानं उलथल्या. लई येळ लागला. पर माजी मी उलथल्या.” आणि तोंडाच्या त्या एका बाजूनं इतक्या समाधानानं हसल्या, की मलाही हसू आलं. म्हणजे माझी शंका तीन वर्षांपूर्वी बरोबर होती. आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

पेशकारसाहेब चहाच्या कपबशा घेऊन आले. मी उभा राहिलो.

“रेवणच्या मिसलीवरची माझी हरकत मी परत घेतो,” मी म्हणालो.

“सबब?”

“सामना झाला होता.”

“पुरावा?”

“माझ्याजवळ नाही.”

त्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का आढ्याकडं बघत होत्या. पेशकारसाहेबांनी कपबशा जात्यावर ठेवल्या, कोनाड्यातून लुगड्याच्या काठानं बांधलेली मिसल काढली, ती सोडली, आणि ज्या पानावर नामंजूर लिहिलं होतं तिथं काही लिहिलं. काय लिहिलं ते उर्दूत होतं, मला वाचता आलं नाही. मग ते चुन्याची वाटी आणि काडी घेऊन ढाळजेत गेले.

“मोठं लिवा,” अक्का खाटेवरून ओरडल्या.

“कायद्यात बसंल तेवढंच लिवीन,” बाहेरून आवाज आला. पण लिहिलं ते दोन नावांच्या जागेत एक असं लिहिलं.

हात धुऊन ते परत आले तेव्हा चहा निवला होता. मी अजून उभाच होतो. “बसा की बाबू,” ते म्हणाले. “हरकत परत घेतली. झालं. आता काय राह्यलं?”

राहिलं होतं ते मी येताना गाडीत चार वेळा घोकलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी आलं तसं बोललो. “तुमच्या ढाळजेत मी तीन वर्षं दर शुक्रवारी बसलो, आणि आत कोण आहे हे एकदाही विचारलं नाही, त्याची माफी मागतो. आणि कळल्यावर तोंड लपवून आणखी तीन वर्षं बसलो, त्याची. पेशकारसाहेब, अक्का, माझं चुकलं.”